पोकळ भिंत

रत्नागिरी, ५ नोव्हेंबर १९३२

पोचलो एकदाचा! कोल्हापूरला मोटारीत बसलो तेव्हा अंगातला कोट पांढरा होता; आंबा घाट उतरून हातखंब्याला चहाला थांबलो तोवर तो चांगला भाजलेल्या विटेच्या रंगाचा झाला. शेजारच्या म्हातारीने सगळी चौकशी केली, गाव कुठला, काम काय, बायको-पोर कुठे. मी मिरजेचा कुंभोजकर, वीटकामाचा ओव्हरसीअर, रत्नागिरीत विटांचा बंगला बांधायला चाललो आहे, असे सांगितल्यावर तिने तोंडाला पदर लावला. "जांबा सपला काय आमचा?" म्हणाली. सगळी मोटार हसली, मीही हसलो. इथे जमीन खणली की घराचा दगड आयता निघतो, तोही लालच. असल्या मुलखात भाजलेली माती विकत आणणारा माणूस वेडाच दिसणार.

वेडा मी नव्हे, आमचे आत्मारामशेट. मुंबई ते मलबार गलबते फिरवून त्यांनी पैसा केला. लहानपणी मुंबईच्या धक्क्यावर हमाली करताना समोरच्या विटांच्या इमारती पाहत राहायचे, तेव्हापासून मनात होते म्हणतात. आता खाडीच्या तोंडावरच्या टेकाडावर जागा घेतली आहे. जोते जांभ्याचे तयार आहे, वरचे सगळे माझ्यावर सोपवले आहे. शेट अजून काही वर्षे मुंबईतच राहणार. तोवर बंगला सांभाळायचा आणि मागच्या दोन खोल्यांत आपले बिऱ्हाड थाटायचे, असा त्यांचा शब्द आहे.

बिऱ्हाड! हा शब्द मी मोटारीत तोंडातल्या तोंडात कितीदा घोळवला. लग्न झाल्यापासून मी आज या गावी, उद्या त्या गावी, आणि मालन मिरजेला माझ्या भावाकडे. गोदा आता सहा वर्षांची झाली. मागे दिवाळीला घरी गेलो तेव्हा तिने सगळ्यांच्या देखत आईला विचारले, "पाहुणे कधी जाणार?" घर हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. मग परसात जाऊन उगाच बंबात लाकडे सारत बसलो. पाडव्यानंतर तिची शाळा सुटली की दोघींना इथे आणायचे. घर तोवर उभे राहिलेच पाहिजे.

२० नोव्हेंबर

विटा आल्या! शेटच्याच गलबतातून, कल्याणच्या खाडीवरच्या भट्ट्यांतल्या. बायकांनी पाट्या डोक्यावर घेऊन त्या टेकाडावर चढवल्या, आणि मी प्रत्येक पाटीतली एखादी उचलून दुसरीवर वाजवून पाहत होतो. भांड्यासारखा आवाज आला की वीट पक्की. बायका मला पाहून खुदखुदत होत्या. हसा म्हटले.

दगड डोंगराचा, लाकूड झाडाचे. वीट मात्र माणसाची. तिचे माप कुठल्या राजाने ठरवले नाही, हाताने ठरवले. ती एका हातात मावली पाहिजे आणि दुसरा हात थापीला मोकळा राहिला पाहिजे, एवढाच कायदा. सिंधमध्ये अलीकडे जमिनीखालून शहरे निघाली, त्यांचे फोटो मी मासिकातून कापून ठेवले आहेत. हजारो वर्षांपूर्वीची वीट, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट, रुंदी जाडीच्या दुप्पट! त्या माणसाने माझ्या हाताखाली येऊन काम केले असते तर मला त्याला काही शिकवावे लागले नसते. तेरला विटांचे देऊळ पाहिले, तिथले पुजारी सांगतात की त्यातली वीट पाण्यावर तरंगते. मी काही टाकून पाहिली नाही, देवळाची वीट काढणार कशी? पुण्यातल्या जुन्या वाड्यांची वीट चपटी, भाकरीसारखी, पण थर असे ओळीत की बघत राहावे.

हे सगळे आज मी हौसाला सांगितले. हौसा म्हणजे माझा स्वयंपाक करणारी बाई, शेटच्या दूरच्या नात्यातली. तिने तांदूळ निवडता निवडता शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "विटाच ना त्या?" बोलायला दुसरे कोणी नाही. म्हणून ही रोजनिशी.

१२ डिसेंबर

आज धाकू गवंड्याशी कडाक्याचे भांडण झाले आणि चहावर मिटले. धाकू म्हणजे मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. देवरुखापासून समुद्रापर्यंत जेवढ्या विहिरी आहेत तेवढ्या आपल्याच घराण्याने बांधल्या असे तो सांगतो. चिरे रचण्यात हात चांगला आहे, विटेत मात्र अजून गडबडतो, आणि चूक दाखवली की ती विटेवर ढकलतो.

भांडण पोकळ भिंतीवरून. इथला पाऊस सरळ पडत नाही, समुद्रावरून आडवा येऊन भिंतीवर आदळतो, आणि वीट ओलावा पिते. त्यावर विलायतेत आता उपाय निघाला आहे. एक जाड भिंत न बांधता दोन पातळ भिंती शेजारी शेजारी बांधायच्या, मध्ये जेमतेम पंजा शिरेल एवढी फट ठेवायची. बाहेरची भिंत भिजली तरी आतली कोरडी. दोघी एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून अधूनमधून डांबरात बुडवलेल्या लोखंडी पट्ट्या घालायच्या. ही पोकळी घराला सगळीकडून वेढा घालते. दारे-खिडक्यांच्याही खाली-वरून जाते. म्हणजे घरात घर, असे मी ऐटीत म्हणालो.

धाकूला ते मुळीच पटले नाही. भिंत म्हणजे भरीव, तिच्या पोटात रिकामी जागा कशाला? रिकाम्या जागेला कोणीतरी लागतंच, म्हणाला. मी म्हटले, लागू दे, भाडे घेऊ. बाकीचे गवंडी हसले. धाकूही मिशीत हसला असावा, कारण मग त्याने चहा घेतला.

२२ जानेवारी १९३३

काम झपाट्याने चालले आहे. रोज सकाळी विटा हौदात बुडवतो. कोरडी वीट चुन्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो, म्हणून तिला आधी पोटभर पाजायचे. ती पाणी पिते तेव्हा बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की तिची तहान भागली. हौदाकाठी बसून हे पाहणे हा माझा इथला एकमेव नाच-तमाशा.

आज पुढच्या खिडकीची कमान झाली. लाकडी साच्यावर विटा उभ्या रचल्या, सांध्यात चुना आणि सुरखी, म्हणजे विटेची पूड, कालवून भरली, आणि खालचा साचा काढला. प्रत्येक वीट खाली पडायला निघालेली असते आणि शेजारणीमुळे अडून बसते. सगळ्याच पडायला निघाल्या म्हणून एकही पडत नाही. मी खाली उभा राहून कितीतरी वेळ वर पाहत होतो, डोळ्यांत पाणी आले. धाकू म्हणाला, मान दुखेल साहेब.

मागच्या एका खोलीवर तात्पुरते छप्पर घालून मी तिथे राहायला आलो आहे. दुपारी माणसे सावलीला गेली की इथे खाडीच्या वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. दुसरी खोली दोघींची. तिच्या खिडकीचा उंबरा मी मुद्दाम खाली घेतला आहे, गोदाला बसून गलबते दिसावीत म्हणून. कधी कधी त्या रिकाम्या खोलीत जाऊन मी मोठ्याने बोलतो, हे बघ, ते बघ. कोणी ऐकले तर काय म्हणेल!

१९ फेब्रुवारी

भिंती पुऱ्या झाल्या, कौले चढली. आज जो प्रकार झाला तो लिहून ठेवतो, पुढे गोदाला सांगायला गंमत होईल.

पोकळ भिंत बांधताना वरून चुन्याचे गोळे आत पडतात. ते काढता यावेत म्हणून भिंतीच्या पायथ्याशी काही विटा बसवायच्या बाकी ठेवतात आणि आतला कचरा ओढून झाला की शेवटी ती भोके बुजवतात. आज दोनच राहिली होती, एक पुढच्या पडवीत आणि एक मागे. पडवीतल्या भोकाशी धाकू ओली वीट हातात घेऊन उकिडवा बसला, पण बसवेना. भोकाला तोंड लावून विचारू लागला, "आतमदी कोन हाय काय? आसशील तर ओ दे." विचारायचे, थांबायचे, कान लावायचा, पुन्हा विचारायचे. त्याच्या घराण्यात कुठलीही पोकळी बंद करताना असे विचारतात म्हणे. सगळी माणसे हात जोडून उभी.

मला राहवले नाही. मी पाय न वाजवता मागे गेलो, मागच्या भोकाला तोंड लावले आणि त्याने पुन्हा विचारल्याबरोबर म्हणालो, "ओ! मी आहे, कुंभोजकर!" माझा आवाज पोकळीतून घराला वळसा घालून थेट त्याच्या कानात निघाला.

पुढे आलो तर सगळे खदखदून हसत होते. धाकूने थापी फेकून दिली होती. त्याचा चेहरा पाहून मी माफी मागितली, चहा पाजतो म्हटले. त्याने ऐकले नाही. आतून ओ आली ती पोकळी बुजवायची नसते, आपण बुजवणार नाही, म्हणून घरी गेला. मागचे भोक मी दुसऱ्या गवंड्याकडून बुजवून घेतले. पडवीतले तसेच राहिले आहे.

२० फेब्रुवारी

धाकू आज आला, पण घुश्शात. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला खोदून विचारले तेव्हा बोलला. देवरुखाकडे एका गावात विहीर बांधताना बाजूला जुनी पोकळी लागली. ती बंद करताना एका गवंड्याने आतून चेष्टेने ओ दिली. थोड्या दिवसांनी तो दिसेनासा झाला. वर्षाने त्याचा धाकटा भाऊ विहिरीवर पाणी भरत असताना आतून नाव घेऊन हाक आली आणि याने ओ दिली. संध्याकाळी थोरला घरी येऊन जेवायला बसला. धाकटा मात्र पुन्हा कोणाला दिसला नाही.

थोरला अजून आहे, म्हणाला. कोणाशी बोलत नाही. मी म्हटले, सोडून दे धाकू, फट पंजाभर, मी एवढा थोराड, मावणार कसा? तो हसला नाही. "ओ दिलाव ती दिलाव," म्हणाला. "परत कशी घ्येवाल?"

२७ फेब्रुवारी

गवंड्यांनी माझ्याशी अबोला धरला आहे. सकाळी विटांच्या सांध्यांतल्या दरजा भरायला सांगितल्या तर एकानेही मान वर केली नाही. पुन्हा सांगितले, ओरडून सांगितले. ते आपसात बोलत राहिले. मी समजलो, धाकूने फितवले. पण दुपारी हौसानेही माझे ताट वाढले नाही. मी समोर बसलो होतो. तिने माझ्यावरून दाराकडे पाहिले आणि पुटपुटली, सायेब खय गेले कोन जाणे.

मी हाताने वाढून घेतले. इतका राग बरा नव्हे, असे तिला म्हणालो देखील.

४ मार्च

खाली बंदरावर गेलो, माणसांत जरा बरे वाटेल म्हणून. चहाच्या दुकानात बसलो. दुकानदाराने माझ्या डाव्या बाजूच्या माणसापुढे कप ठेवला, उजव्या बाजूच्यापुढे ठेवला. मग फडक्याने मेज पुसले, माझ्या हातावरून पुसले. हाताला फडक्याचा ओलावासुद्धा लागला नाही.

वर परत येईपर्यंत मी कोणाकडेही पाहिले नाही. ताप असेल. तापात असे होते.

८ मार्च

खोलीत मालनची पेटी कुठे ठेवायची हे ठरवायला टेप लावली. खोली अरुंद आहे. नकाशात आहे त्याहून हातभर तरी अरुंद. बाहेरून मोजले, बाहेरचे माप बरोबर. पुन्हा आतून, पुन्हा बाहेरून. माझ्या कामात बोटभर चूक होत नाही, हा गर्व आहे माझा, असू दे.

बाहेरची भिंत जागेवर आहे. म्हणजे आतली सरकली आहे. म्हणजे मधली फट—

वीट सरकत नसते. उद्या पुन्हा मोजतो.

११ मार्च

खिडक्या खोल होत चालल्या आहेत. परवापर्यंत उंबऱ्यावर कोपर टेकून बाहेर पाहता येत होते. आज हात लांब केला तरी गज लागत नाहीत. भर दुपारी खोलीत तिन्हीसांजेसारखा उजेड. आतल्या भिंतीला कान लावला तर पलीकडे वारा घुमतो आहे. पंजाभर फटीत वारा असा घुमत नाही, तो मोठ्या जागेत घुमतो.

धाकूला सांगायला गेलो. त्याच्या खांद्याला धरून हलवले. तो दचकून बसल्या जागेवरून उठला आणि पडवीतल्या त्या भोकाकडे बघत राहिला. "सायेब?" असे हळू म्हणाला. मी त्याच्या पाठीशी उभा राहून ओरडत होतो.

१३ मार्च

आता एकच. मिरजेला जाऊन दोघींना थांबवायचे. मला पाहिले नाही तरी चालेल, त्या इथे यायला नकोत. का ते नीट लिहितो, म्हणजे डोके ठिकाणावर राहील. धाकूची गोष्ट खरी असेल तर माझ्या सुटकेचा एकच मार्ग आहे, आणि तो मार्ग माझ्या जवळच्या माणसाच्या गळ्यातून जातो. मी नाव घ्यायचे, त्याने ओ द्यायची आणि माझ्या जागी आत जायचे. या गावात माझ्यासाठी ओ देणारे कोणी नाही, हेच बरे आहे.

सकाळी मोटारीत बसलो. तिकीट कोणी मागितले नाही. हातखंब्याला सगळे चहाला उतरले, मीही उतरलो. खाली पाय ठेवला तो पडवीत. समोर खाडी, पाठीशी माझी भिंत.

दुपारी पुन्हा चालत निघालो. पुन्हा पडवी.

१६ मार्च

जेवणानंतर जरा आडवा झालो. जाग आली तेव्हा दोन्ही बाजूंना वीट.

दोन्हीकडून भिंतीची पाठ आहे. आयुष्यभर मी विटेचा चेहराच पाहिला, घासलेला, दरजा भरलेला. मागून ती अशी असते हे मी कधी मनावर घेतले नव्हते. सांध्यांतून बाहेर आलेला चुना तसाच सुकलेला, कोणी पुसलेला नाही. पुसणार कोण? इथे कोणी पाहत नाही.

फट आता माणूस चालेल एवढी झाली आहे. लोखंडी पट्ट्या ताणल्या जाऊन तारेसारख्या बारीक झाल्या आहेत, वाकून खालून जावे लागते. घराला वेढा घालून पुन्हा तिथेच येतो. दार नाही. उजेड फक्त पडवीतल्या भोकातून येतो, म्हणून तिथेच बसून लिहितो. कोटात पेन्सिल आणि ही वही आहे. भूक लागत नाही. हे काही चांगले लक्षण नव्हे.

२३ मार्च

पंजा बाहेर काढून पाहिला. मनगटापर्यंत जातो. हौसा पडवी झाडत होती, तिने माझ्या हातावरून झाडू नेला.

लोक काय बोलतात ते ऐकू येते. साहेब पळाले. कोणी म्हणते गलबतावर चढताना पाहिले. कोणी म्हणते मुंबईत दुसरे घर होते त्यांचे. हौसा म्हणाली, तसा मानूस नव्हता तो, विटांचा येडा होता. हौसाबाई, देव तुमचे भले करो.

३० मार्च

आल्या.

भावाने आणून सोडले. गोदा उंच झाली आहे. पडवीत उभी राहून तिने विचारले, इथे कोण राहतं? मालन म्हणाली, तुझे अण्णा. मग धाकूने मालनला बाजूला नेऊन काय ते सांगितले. ती त्याला म्हणाली की ते असे न सांगता जायचे नाहीत, कामाने गेले असतील, आम्ही थांबतो. आवाज स्वच्छ होता. मग खोलीत गेली आणि माझ्या पाठीशी, एका विटेपलीकडे, भिंतीला टेकून बसली. पुष्कळ वेळ बसली होती. मी पलीकडून टेकलो.

हाक मारायची नाही. हाक मारायची नाही. हाक मारायची नाही.

६ एप्रिल

गोदाला भोक सापडले. दिवसभर एकटी असते, खेळायला कोणी नाही, हे घर गावापासून लांब. बिऱ्हाडाला ते मीच निवडले— मालन वाट पाहते आणि तिच्याशी बोलत नाही. म्हणून गोदा भोकाशी बोलते. काजूचे बोंड आत टाकले. "घ्या," म्हणाली.

मी गप्प राहायला हवे होते. मी म्हणालो, गोड आहे.

ती घाबरली नाही.

११ एप्रिल

रोज येते. दुपारची, आई निजली की. मी तिला विटांच्या गोष्टी सांगतो. जमिनीखालची शहरे. पाण्यावर तरंगणारी वीट. कमानीतल्या विटा का पडत नाहीत. ती ऐकते! खोदून खोदून विचारते. इतकी वर्षे मला असे कोणी— आणि ही माझीच मुलगी.

आज म्हणाली, तुम्ही माझे अण्णा का? मी हो म्हटले.

तर म्हणाली, मग माझं नाव सांगा.

मी भोकापासून मागे सरकलो.

सांगा ना, नाव. अण्णांना माहीत असतं.

नाही सांगितले. ती उठून गेली. जाताना म्हणाली, तुम्ही अण्णा नाहीत.

१५ एप्रिल

आली नाही. कालही नाही.

१९ एप्रिल

तिने आईला सांगितले. अण्णा भिंतीत आहेत, पण नाव सांगत नाहीत. चापट मारल्याचा आवाज आला. मग मालन रडली. आल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने, हौसा धावत आली इतक्या मोठ्याने.

मी पट्ट्या धरून बसलो. तोंडात कोटाची बाही कोंबली.

२४ एप्रिल

शेट आले. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आहे. पडवीत उघडे भोक पाहून चिडले, साप शिरेल म्हणाले. ते मालनशी चांगले वागले. राहा म्हणाले, हवे तितके दिवस.

धाकूला बोलावणे गेले. तो आधी विचारल्याशिवाय बुजवणार नाही. मी ओ दिली तर बुजवणार नाही. भोक उघडे राहील, उजेड राहील, गोदा येईल. आणि मी एखाद्या दुपारी—

मला माहीत आहे मी काय करीन. म्हणून गप्प राहायचे. बुजू दे.

२६ एप्रिल

सकाळ. धाकू आला आहे. कालवलेल्या चुन्याचा वास. वीट बालदीत आहे, बुडबुड्यांचा आवाज इथवर येतो.

बुडबुडे थांबले.

विचारतो आहे. आतमदी कोन हाय काय.

गप्प.

पुन्हा. गप्प आहे मी. धाकूला माहीत आहे. सायेब, आसाल तर ओ द्या, म्हणतो. देत नाही.

गोदा आली. त्याचा हात ढकलते आहे. मालन तिला ओढते आहे, तिथे कोणी नाही गं, कोणी नाही—

आहे. मालन, आहे मी.

गोदाचे तोंड भोकापाशी. उजेड नाही, फक्त तिचे तोंड. म्हणते, अण्णा, एकदाच सांगा. माझं नाव सांगा, मग मी आईला सांगेन, मग हे बुजवणार नाहीत. एकदाच.

हळू सांगितले तर. नुसते नाव. हाक नव्हे, नुसते— तिने ओ दिलीच पाहिजे असे थोडेच आहे, ती नुसती हसेल, तिला कळेल की अण्णाच, एवढेच, एवढेच ना, मला तिला एकदा— वीट लागली, कडेला लागली, सरकते आहे, अजून बोटभर उजेड

गो—